वाहतूक अपघातांचे अन्वेषण : रेल्वे, जहाज आणि विमान

रेल्वे, जहाज किंवा विमान यांचा अपघात का घडला, किंवा घडता घडता कसा टळला, याचा सुरक्षेच्या दृष्टीने घेतलेला शोध म्हणजे अपघात अन्वेषण. पोलीस तपासाशी त्याची नेहमी गल्लत होते. पोलिसांना गुन्हा झाला का आणि कोणी केला हे पाहायचे असते, विमा कंपनीला भरपाई कोणाच्या माथी हे ठरवायचे असते; अन्वेषकाला मात्र तीच गोष्ट पुन्हा घडू नये एवढेच हवे असते. विमानांबाबत हे तत्त्व नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या (१९४४) तेराव्या परिशिष्टात लिहून ठेवले आहे. अन्वेषणाचा हेतू प्रतिबंध हा एकच; दोष किंवा दायित्व ठरवणे हे त्याचे काम नव्हे. जहाजांसाठी अशीच संहिता २०१० पासून बंधनकारक झाली.

यांत सर्वांत जुनी परंपरा रेल्वेची. ब्रिटनमध्ये १८४० सालापासून रेल्वे निरीक्षक नेमले जाऊ लागले. विमान अपघातांसाठी तिथेच १९१५ मध्ये स्वतंत्र शाखा निघाली. अमेरिकेत १९६७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ तिन्ही प्रकारचे अपघात पाहते. १९७५ मध्ये ते परिवहन खात्यापासून पूर्ण वेगळे काढले गेले. ही फारकत महत्त्वाची, कारण नियम करणारे खातेच कधीकधी चुकलेले असते आणि स्वतःच्या चुकीचा अहवाल कोणी मनापासून लिहीत नाही. भारतात रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागे हाच विचार आहे.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते अवशेषांपासून. रेल्वे अपघातात पाहणारा आधी उलटलेल्या डब्यांकडे न जाता मागे चालत जातो आणि रुळाच्या माथ्यावर चाकाची कड चढल्याची पहिली खूण शोधतो. तिथून पुढे चाक कुठे खाली पडले, रुळांखालचे किती स्लीपर ठेचले गेले, हे मोजत तो डब्यांपर्यंत येतो. ढिगाऱ्यात कितीही मोडतोड असली तरी कारण बहुधा त्या पहिल्या खुणेच्या आसपास सापडते. धातूचा तुकडाही बोलतो. एकाच फटक्यात तुटलेल्या भागाची कड खडबडीत असते. वारंवार ताण पडून हळूहळू तडा वाढला असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली ओहोटीच्या वाळूवर उमटतात तशा रेषा एकामागे एक दिसतात. सूचक दिव्याचा बल्ब फुटला तरी आतली तार तपासतात. आदळण्याच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर गरम तार ताणून लांबलेली सापडते, विझलेला असेल तर गार तार तटकन तुटलेली. धोक्याचा दिवा लागला होता की नाही, हे अशा केसाएवढ्या तारेवरून ठरलेले आहे. आता पडदे आणि एलईडी आल्यामुळे ही कला मागे पडते आहे.

तिची जागा नोंदयंत्रांनी घेतली. ‘ब्लॅक बॉक्स’ काळा नसतो. ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून भडक नारिंगी असतो. उड्डाणाची मोजमापे आणि कॉकपिटमधले आवाज एकत्र नोंदवण्याची कल्पना ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांनी १९५० च्या दशकात पुढे रेटली. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळले, तेव्हा ही यंत्रे जवळजवळ दोन वर्षांनी, सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून वर काढली गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, स्वयंचलित नियंत्रण सुटले, आणि पंखांना हवेचा आधार मिळेनासा होऊन विमान खाली येत आहे हे वैमानिकांना उमगलेच नाही, हे त्या नोंदींमुळे कळले. त्या मिळाल्या नसत्या तर सगळे तर्कावर राहिले असते.

नोंदयंत्रे नव्हती तेव्हा काय करीत, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॉमेट. १९५४ मध्ये ही जेट विमाने जानेवारी आणि एप्रिलमध्ये एकामागोमाग एक भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. ब्रिटनमधील फार्नबरो येथील संशोधकांनी एक आख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवले आणि उड्डाणात पडतो तसा दाब पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. खरी उड्डाणे आणि टाकीतली धरून ३,०५७ वेळा दाब पडल्यावर त्याचा पत्रा खिडकीसारख्या झरोक्याच्या कोपऱ्यातून फाटला. धातू थकत होता.

माणसाकडे वळल्यावर काम अवघड होते. ‘चालकाची चूक’ हे वाक्य वर्तमानपत्राला पुरते. अन्वेषक तिथून पुढे निघतो. त्या माणसाला त्या क्षणी तेच करणे योग्य का वाटले? जपानमध्ये २५ एप्रिल २००५ रोजी अमागासाकी येथे ७० किलोमीटरच्या मर्यादेच्या वळणावर एक गाडी ताशी ११६ किलोमीटरने शिरली आणि चालकासह १०७ जण गेले. आधीच्या स्थानकात गाडी फलाटाच्या पुढे गेली होती, त्यात मिनिटभराहून थोडा अधिक उशीर झाला होता. त्या कंपनीत अशा चुकीनंतर चालकांना अपमानास्पद ‘पुनःप्रशिक्षणा’ला बसवत. चालकाचे लक्ष ब्रेकवरून उडण्यामागे ही धास्ती असावी, असे अहवालाने नोंदवले. वळणावर वेग आवरणारी यंत्रणा नव्हती, हेही. चालकावर बोट ठेवून फाइल बंद केली असती, तर यातले काहीच पुढे आले नसते.

शिक्षेच्या भीतीने लोक गप्प बसतात आणि टळलेले अपघात दडून राहतात. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान ढगांतून उतरताना डोंगरावर आदळले, ९२ मृत्यू. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. बाकीच्यांपर्यंत ते पोहोचलेच नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत चुका आणि टळलेले अपघात गोपनीयपणे कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. ती चालवण्याचे काम मुद्दाम नासाकडे दिले, कारण नासाला कोणाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला तिथेही अभय नाही.

विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल ३० दिवसांत, अंतिम शक्यतो वर्षभरात अपेक्षित असतो; प्रत्यक्षात तो अनेकदा लांबतो. अहवालातल्या शिफारशी हुकूम नसतात, आणि या पद्धतीची हीच सर्वांत दुखरी बाजू. ब्रिटिश रेल्वे निरीक्षक वर्षानुवर्षे गाडीभर सलग लागणाऱ्या ब्रेकची मागणी करीत होते. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर तोडून उभे केलेले सहलीचे डबे मागे घरंगळले, त्यात कित्येक मुले गेली, तेव्हा कुठे त्याच वर्षी असे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश फेरीबोट गाड्या आत घेण्याचे पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ जण गेले. दरवाजे लावायचा तो कर्मचारी केबिनमध्ये झोपला होता. जहाज चालवण्याच्या कक्षातून (ब्रिज) कप्तानाला दरवाजे दिसत नसत, आणि कोणी काही कळवले नाही म्हणजे ते बंद आहेत असे धरून चालायची रीत होती. दरवाज्यांची स्थिती दाखवणारे दिवे बसवा, असे कंपनीच्या कप्तानांनी आधी लिहून कळवले होते. कार्यालयाने ते थट्टेवारी नेले होते. अपघातानंतर त्याच बनावटीच्या उरलेल्या जहाजांवर ते दिवे काही दिवसांतच बसले. १९८९ मध्ये ब्रिटनने सागरी अपघातांसाठी वेगळी अन्वेषण शाखा उभी केली.