रुग्णालयातील खाटांचे नियोजन : कोल्हापूर जिल्हा

रुग्णालयाला एकूण किती खाटा लागतील, कोणत्या विभागाला त्यातल्या किती द्यायच्या आणि दारात आलेल्या रुग्णाला योग्य खाट वेळेत कशी मिळेल, हे ठरवण्याची व रोज राबवण्याची पद्धत. प्राणवायूची लाइन, पाळीवरची परिचारिका आणि उपचार ठरवणारा डॉक्टर यांच्यासह जी चालते तीच खाट हिशेबात धरावी. मंजूर खाटा, प्रत्यक्ष मांडलेल्या खाटा आणि मनुष्यबळानिशी चालू असलेल्या खाटा हे तीन वेगळे आकडे आहेत. कागदोपत्री पुरेशा खाटा असूनही वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, त्याचे कारण बहुतेक वेळा या आकड्यांतल्या फरकात सापडते.

रोजचा हिशेब रात्री 12 वाजताच्या मोजणीवर चालतो. प्रत्येक वॉर्डातली सिस्टर त्या वेळी असलेल्या रुग्णांची संख्या नोंदवते आणि त्या बेरजेतून खाटांचे भरलेपण निघते. उदाहरणादाखल 40 खाटांचा वॉर्ड घेऊ. एक खाट एक दिवस म्हणजे एक खाट-दिवस; 30 दिवसांत त्याच्याकडे असे 1,200 खाट-दिवस असतात. त्यातले 1,080 वापरले गेले तर भरलेपण 90 टक्के. तेवढ्यात 180 जण बरे होऊन गेले असतील, तर सरासरी मुक्काम 6 दिवसांचा झाला. हाच मुक्काम 5 दिवसांवर आला तर एकही नवी खाट न आणता महिन्याला 216 रुग्णांची सोय होते. मात्र मध्यरात्रीची मोजणी दिवसाची गर्दी दाखवत नाही. सकाळी 11 वाजता जुना रुग्ण खाटेवर आणि नवा स्ट्रेचरवर असतो, तो ताण या आकड्यात उतरत नाही.

सरासरी भरलेपण साधारण 85 टक्क्यांच्या वर गेले की अचानक आलेल्या रुग्णाला खाट न मिळण्याचा धोका वाढतो, असे नियोजनशास्त्र मानते. 100 टक्के भरलेले रुग्णालय म्हणजे उत्तम वापर, ही समजूत म्हणूनच घातक आहे. विभाग जितका लहान तितकी मोकळी जागा प्रमाणाने जास्त ठेवावी लागते. 10 खाटांच्या अतिदक्षता विभागात दोन गंभीर रुग्ण जास्तीचे आले तर तो कोलमडतो; 100 खाटांचा सामान्य विभाग तेवढे सहज सामावून घेतो.

2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 38 लाख 76 हजार आहे. दर 50 माणसांमागे वर्षाला एक जण दाखल होतो आणि सरासरी 5 दिवस राहतो असे धरले, तर रोज सुमारे 1,060 खाटा भरलेल्या राहतील. 85 टक्क्यांची मर्यादा पाळायची तर सुमारे 1,250 लागतील. हे गणित जिल्ह्याच्या हद्दीत थांबते, रुग्ण थांबत नाहीत. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीपीआरमध्ये, बाराही तालुक्यांतून तर रुग्ण येतातच, शिवाय घाट चढून सिंधुदुर्गातून आणि सीमाभागातूनही येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारण 6 खाटा, ग्रामीण रुग्णालयात 30 आणि उपजिल्हा रुग्णालयात 50 किंवा 100, अशी खालची उतरंड आहे. तिथे भूलतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक नसला की केसपेपरवर ‘रेफर’, म्हणजे मोठ्या रुग्णालयात न्या, असे लिहिले जाते आणि चंदगडचा रुग्ण कोल्हापूरची खाट अडवतो. त्यात त्याचा काहीच दोष नाही.

मागणी वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात सर्पदंश, डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस) रुग्ण वाढतात. गाळप हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलींना धडकून जखमी झालेले येतात. मेंदूला मार लागलेल्या अशा एका रुग्णाला अतिदक्षता विभागातली खाट कित्येक दिवस लागते. हंगामाच्या तारखा आधी ठाऊक असतात, त्यामुळे त्या काळात अस्थिरोग व अपघात विभागाला जादा खाटा देणे अवघड नाही.

पुराचे नियोजन मात्र वेगळेच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी चढत गेले की केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता, मांडुकलीजवळ गगनबावडा रस्ता बंद होतो. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. अशा वेळी शहरात खाट रिकामी असूनही पलीकडच्या गावाला ती मिळत नाही. डायलिसिसचे रुग्ण आणि दिवस भरलेल्या गरोदर बाया यांना पाणी इशारा पातळीवर असतानाच अलीकडे आणून ठेवणे, हे या जिल्ह्यातल्या खाटांच्या नियोजनातले सर्वांत मोलाचे काम मानले पाहिजे. जुलै 2021 मध्ये तर कोविडची दुसरी लाट पुरती ओसरण्याआधीच पूर आला आणि विलगीकरणाच्या खाटा व स्थलांतरितांची सोय एकाच वेळी पाहावी लागली.

खाट लवकर रिकामी होणे हा या व्यवस्थेचा सर्वांत दुर्लक्षित भाग. सकाळच्या राउंडला डॉक्टर डिस्चार्ज लिहितात. मग कार्ड तयार व्हायचे, सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रे पुरी व्हायची, औषधे आणायची आणि न्यायला येणारा मुलगा कामावरून सुटायचा, यात दुपार टळते. गगनबावड्याकडची एसटी चुकली की आजी आणखी एक रात्र खाटेवर काढते. तिला या वयात, अंधारात बाहेर पाठवावे असे कोणीही म्हणणार नाही. उपाय आदल्या दिवशीच करायचा असतो. ‘उद्या घरी जाणार’ हे संध्याकाळीच नातेवाइकांना सांगावे, कार्ड रात्रीच लिहून ठेवावे आणि थांबलेल्यांसाठी खुर्च्या-पाण्याची सोय असलेली वेगळी खोली ठेवावी. वॉर्डातल्या मामा-मावशींनी, म्हणजे सफाई व मदतनीस कर्मचाऱ्यांनी, खाट पुसून चादर बदलली की तिथे लगेच नवा रुग्ण येतो.

खासगी खाटाही या हिशेबात येतात. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मे 2020 मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा ठरावीक दरांच्या कक्षेत आणल्या होत्या. दोन्ही तरतुदींचा उपयोग रिकाम्या खाटेची माहिती रुग्णापर्यंत पोहोचण्यावर अवलंबून असतो. जखमी माणसाला गाडीत घालून चार दारे फिरवणाऱ्या नातेवाइकांना आजही ती माहिती फोनवर, ओळखीतून मिळवावी लागते.

शेंडा पार्क परिसरात 1,100 खाटांच्या नव्या शासकीय रुग्णालयाचा प्रकल्प हाती घेण्यात आला असून त्यात 600 खाटा सर्वसाधारण उपचारांसाठी योजल्या आहेत. सामान्य वॉर्डात 6 रुग्णांमागे एक परिचारिका धरली, तर या 600 खाटांनाच प्रत्येक पाळीत 100 आणि तीन पाळ्यांत 300 परिचारिका लागतील. रजांसाठी 30 टक्के जादा धरता 390. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी, तो हिशेब यात धरलेला नाही.