पुरात ११२ ला फोन करताना: पात्रता, 'कागदपत्रं' आणि अडणाऱ्या गोष्टी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, गोकाकमध्ये घटप्रभा शिरली. तेव्हापासून दर पावसाळ्यात सीमाभागात एकच तक्रार ऐकू येते: फोन लागला, पण कुणी आलंच नाही. बहुतेक वेळा अडतं ते नोंदीपाशी.

पात्रतेची अट नाही. ११२ कुणीही लावावा, पैसे पडत नाहीत, आधार किंवा रेशन कार्ड कुणी मागत नाही. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, सगळ्यासाठी हाच नंबर. फक्त रुग्णवाहिका हवी असेल तर १०८.

लागतो तो पत्ता, आणि मळ्यात राहणाऱ्यांकडे नेमका तोच नसतो. "पाटलांच्या मळ्यात या" हे गावाला कळतं. फोन उचलणारा आपल्या तालुक्यातला नसतो. नुसतं "बोरगाव" म्हणालात तर निपाणीजवळचं की सांगली-साताऱ्याकडचं, हे विचारण्यातच वेळ जातो. म्हणून पहिलं वाक्य असं असू द्या: "बोरगाव, तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव, दत्त मंदिरामागचा मळा. कमरेएवढं पाणी, सहा माणसं, त्यात एक बाळंतीण." हे आजच कागदावर लिहून म्हाताऱ्या माणसांच्या फोनजवळ चिकटवा. एका बाजूला कन्नडमध्येही लिहा, शेजारच्या शाळकरी पोरांकडून करून घ्या. सूचनेचे फलक सगळ्यांना वाचता येतील अशा भाषेत लावणं हे खरं तर प्रशासनाचं काम, पण पाणी त्यासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण टॉवरची. काठावरच्या गावात मोबाईल महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि फोन तिकडच्या ११२ नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. "हे आमच्याकडे येत नाही" असं ऐकलं तरी फोन ठेवू नका. कर्नाटकच्या कक्षाला जोडून द्या म्हणा. हद्दीचा घोळ दोन्हीकडच्या कार्यालयांनी आपसात निस्तरावा, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाने नव्हे.

मोठ्या पुरात एकाच वेळी शेकडो फोन येतात आणि जिवाला धोका असलेल्यांची पाळी आधी लागते. रिंग वाजत असताना कट करून पुन्हा लावलं की आपण रांगेच्या शेवटी जातो, म्हणून धरून राहा. कट झालाच तर लाइन मोकळी ठेवा, उलट फोन येऊ शकतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कळकळीची विनंती: घरचा एक माणूस बोलतोय ना, मग तुम्ही दहा जणांनी तीच खबर देऊ नका. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा फोन अडतो.

बोलणं संपताना नोंद झाली का, हे विचारा आणि क्रमांक लिहून घ्या. माणसं वाढली किंवा पाणी चढलं तर पुन्हा ११२ लावा आणि तोच नोंद क्रमांक देऊन सांगा.

कोयनेतून किती पाणी सोडलं, पंचनामा कधी, भरपाई किती, हे ११२ वर विचारू नका. त्यासाठी जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर आहे. मोबाईलवरून लागला नाही तर १०७७ च्या आधी बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ जोडून पाहा. पंचनाम्याचं तलाठ्याकडे विचारा.