बेथ नहरिन: या नावात 'दोन' कुठे आहेत?

'मेसोपोटेमिया म्हणजे दोन नद्यांमधला प्रदेश' हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण ग्रीक शब्द सोडवून बघा. 'मेसोस' म्हणजे मधला, 'पोटामोस' म्हणजे नदी. दोनचा आकडा नाहीच. तो नकाशावरच्या टायग्रिस-युफ्रेटिसकडे बघून आपण भरलाय.

सिरियाक भाषेत हाच मुलूख 'बेथ नहरिन'. सिरियाक ही मूळची एडेसाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाची अरामी बोली. पुढे ती पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची ग्रंथभाषा झाली. त्यातलं 'नहरा' आपल्याला तसं परकं नाही. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, जमिनीखालून पाणी आणलं ती 'नहर-ए-अंबरी'. ही नहर अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली आणि सिरियाक 'नहरा' ही त्या अरबी शब्दाची बहीण. तिकडे ती वाहती नदी, इकडे बांधून काढलेला पाट.

'नहरिन'मधला '-इन' अनेकवचनाचा. नद्या, किती, ते सांगत नाही. संस्कृतातलं 'नद्यौ' मराठीपर्यंत येता येता गळालं, तसंच सिरियाकमधलं द्विवचनही झिजलं. 'त्रेन' (दोन), 'मातेन' (दोनशे) अशा मोजक्या शब्दांत ते अडकून राहिलंय. याच मुलखाच्या हिब्रू नावातलं 'नहरायिम' द्विवचनी दिसतं खरं, पण त्यावरच्या स्वरखुणा कित्येक शतकांनी चढल्या. नुसत्या व्यंजनांत लिहिलं तर 'नद्या' आणि 'दोन नद्या' दोन्ही हुबेहूब सारखेच.

खरी गंमत 'बेथ'मध्ये आहे. बेथ म्हणजे घर. बेथलेहेम हे भाकरीचं घर. प्रदेशांच्या नावांत घराचा मुलूख होतो. आखाताकाठचा 'बेथ कत्राये' कतरींचा, आणि आपला देश 'बेथ हिंदुवाये'. त्या चालीने हे नद्यांचं घर. पण सिरियाकमध्ये 'बेथ'चा दुसरा अर्थ 'मध्ये' असाही होतो, आणि लिहायचं अगदी तसंच! अक्कादीतलं, म्हणजे याच मुलखातल्या प्राचीन भाषेतलं, जुनं 'बिरित नारिम' आणि ग्रीक नाव या 'मध्ये'च्या बाजूने साक्ष देतात, म्हणून माझा कौल तिकडे. तरी आजूबाजूला इतकी 'बेथ' असताना ऐकणाऱ्याच्या कानात घरही वाजत असणारच.

दोन नद्या हव्याच असतील तर अरबीकडे जावं. 'बिलाद अर-राफिदैन' (दोन नद्यांचा देश) मधला '-ऐन' अस्सल द्विवचनाचा आहे, आणि इराकचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की 'उसूद अर-राफिदैन', म्हणजे दोन नद्यांचे सिंह, असा पुकारा होतो.