ऑप्शन वेगळं, डीएफए वेगळं, दोन्हीला "काढला" म्हणू नका

परवा न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राकडे मेजर लीग बेसबॉलची मॅच बघायला जमलो होतो, बातमी आली की अमुक पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या मायनर लीगला, ऑप्शन केलं, की लगेच एकजण म्हणाला, "काढला बिचाऱ्याला." आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याला डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) केलं तेव्हा तोच म्हणतो, "खाली पाठवलाय, येईल परत." बरोब्बर उलटं! हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

ऑप्शन म्हणजे टीम खेळाडूला मायनर लीगला पाठवते आणि हवा तेव्हा परत बोलावते. पिचर असेल तर साधारण 15 दिवस तरी खाली राहावं लागतं, कोणी जखमी झालं तर आधीही आणता येतं. एका सीझनमध्ये पाचदाच, हा नियम 2022 पासूनचा. बस, एवढं पुरे.

खरी गोम आहे ती 40 जणांच्या यादीत. टीव्हीवर आपल्याला 26 जणांची टीम दिसते, पण टीमचा हक्क चालतो तो 40 च्या रोस्टरवर. ऑप्शन केलेला पिचर 26 मधून जातो, 40 मध्ये राहतो. म्हणजे तो अजून त्यांचाच आहे, दुसरं कोणी हात लावू शकत नाही. डीएफए म्हणजे 40 मधूनच नाव कापलं, त्याच क्षणी. मग टीमकडे सात दिवस असतात, त्यात ट्रेड करा, वेव्हर्सवर टाका नाहीतर सोडून द्या. वेव्हर्सवर टाकला की बाकीच्या 29 टीम्सना तो मागता येतो, ज्या टीमचा हार-जितीचा रेकॉर्ड सगळ्यात वाईट तिचा नंबर पहिला, आणि कोणी मागितला की पिचरला कोणी विचारत नाही, बॅग भरायची आणि निघायचं. कोणीच नाही मागितला तरच तो त्याच टीमच्या ट्रिपल-एमध्ये जाऊ शकतो, तेही 40 च्या बाहेर राहून. पूर्वी एकदा असं झालं असेल किंवा मेजर लीगमध्ये तीन वर्षांची सर्व्हिस असेल तर तो नाही म्हणून मोकळाही होऊ शकतो. म्हणजे "खाली पाठवला" हा डीएफएचा अर्थ नाहीच, खाली जाणं हा त्यातला एक शेवट आहे फक्त.

आणि तो "आउट ऑफ ऑप्शन्स" शब्द! लोकांना वाटतं पिचरकडे काही पर्याय उरले नाहीत. अरे, ऑप्शन पिचरचा नसतोच, टीमचा असतो. साधारणपणे तीन सीझन त्याला असं खालीवर करता येतं, ते संपले की वेव्हर्सवर टाकल्याशिवाय खाली पाठवता येत नाही.

सतत टीम बदलणारा भटका पिचर तयार होतो तो इथेच, हे माझं ठाम मत आहे. लोक म्हणतात चांगला नाही म्हणून फिरतो. समजा मंगळवारी स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) दुसऱ्या इनिंगलाच मार खाऊन बाहेर गेला, बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचर्समधल्या, एकाने साडेतीन इनिंग टाकून मॅच ओढली, साठ पिचेस झाले. आता तीनचार दिवस त्याचा हात कामाचा नाही आणि टीमला बुधवारी ताजा हात हवाय. ऑप्शन शिल्लक असेल तर तो ट्रिपल-एला जातो आणि महिन्याभरात परत दिसतो. संपले असतील तर तोच पिचर, तेच चांगलं काम, पण डीएफए, आणि आठवड्याने दुसऱ्या शहरात दुसरी जर्सी. बॉलिंग तीच, फरक फक्त कागदाचा. म्हणून कोणी आठ टीम्स फिरला म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो, आठ टीम्सना तो हवासा वाटला हे कोणी बघत नाही.

पिचर एडविन जॅक्सनचं बघा. बारा गावचं पाणी म्हणतो आपण, हा चौदा टीम्सचं प्यायलाय, 2019 मध्ये टोरांटोकडून खेळला तेव्हा सगळ्यात जास्त टीम्सचा रेकॉर्ड झाला. 2010 मध्ये ॲरिझोनाकडून नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही), 149 पिचेस टाकून आणि 8 वॉक (बॅटरला फुकटचा बेस) देऊन! मग शिकागो कब्जने चार वर्षांचे 52 मिलियन डॉलर्स दिले आणि जुलै 2015 मध्ये डीएफए केलं. पाच वर्षांच्या वर सर्व्हिस असलेल्याला त्याच्या परवानगीशिवाय ऑप्शन करताच येत नाही, त्यामुळे तो रस्ता बंद होता. आणि वेव्हर्सवर जो उचलेल त्याच्या गळ्यात तो मोठा कॉन्ट्रॅक्टही पडणार, मग कोण उचलतंय? शेवटी कब्जने रिलीज केलं, पैसे मात्र देत राहिले, आणि अटलांटाने त्याला मिनिमम पगारावर घेतलं. म्हणजे डीएफए झाला की पगार बंद, हीसुद्धा चुकीची समजूत.

पिचर रिच हिलचंही तसंच, 2015 मध्ये तो लाँग आयलंड डक्सकडून, मेजर लीगच्या बाहेरच्या स्वतंत्र लीगमध्ये पिच करत होता, पुढच्याच वर्षाच्या शेवटी डॉजर्सने तीन वर्षांचे 48 मिलियन दिले. 2025 मध्ये 45 व्या वर्षी कॅन्सस सिटीकडून उतरला, जॅक्सनच्या चौदाची बरोबरी केली, दोन मॅचेस स्टार्ट केल्या आणि मग त्यालाही डीएफए केलं. ऑप्शन नाही, डीएफए.