तातडीची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी: वाहून गेलेल्या रस्त्याची दोन वेगळी कामे

अतिवृष्टीत गावाकडची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाऊ देणारा छोटा पूल, वाहून जाते, चार दिवसांत तिथे दोन सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम पसरला जातो, एसटी पुन्हा सुरू होते आणि ‘रस्ता झाला’ असे सगळे धरून चालतात. पुढच्या पावसाळ्यात तोच भराव पुन्हा वाहून जातो, तेव्हा सरकारी मदत नेमकी कशासाठी मिळाली होती हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर असे की, मदत तातडीच्या दुरुस्तीसाठी होती. पुनर्बांधणी हे वेगळे काम आहे आणि ते मंजूरच झालेले नव्हते.

तातडीच्या दुरुस्तीचा हेतू एवढाच असतो की तुटलेला संपर्क जोडला जावा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 48 खाली उभा राहतो आणि त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा 75 टक्के, तर राज्याचा 25 टक्के असतो. या निधीच्या निकषांत रस्त्यांची तातडीची कामे नावानिशी दिलेली आहेत: भगदाडे व खड्डे बुजवणे, पाण्याला वाट देण्यासाठी पाइप टाकणे, भरावाचे दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर) सावरणे, खचलेल्या पुलाला वळणरस्ता देणे, पुलाचे जोडरस्ते तात्पुरते दुरुस्त करणे. कामाला मुदतही असते. सपाट प्रदेशात ती साधारण 30 दिवस आणि आपत्ती तीव्र असल्यास 45 दिवस धरली जाते, तर डोंगराळ भागात 45 आणि 60 दिवस. 2015 ते 2020 या काळाच्या निकषांत राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्गासाठी किलोमीटरमागे 1 लाख रुपये आणि गावरस्त्यांसाठी 60 हजार रुपये असा दर होता. एवढ्या पैशांत मुरूम आणि खडी येते. पक्की मोरी येत नाही, आणि ती यावी अशी अपेक्षाही त्या निकषांत नाही.

पुनर्बांधणीत मात्र आधी विचारायचे असते की रस्ता वाहून का गेला. मोरीचा गाळा (पाणी जाण्याची मोकळी जागा) अपुरा होता का, डोंगराकडचे गटार बुजले होते का, संरक्षक भिंतीचा पाया खडकापर्यंत गेला होता का, हे तपासून नवे संकल्पचित्र, अंदाजपत्रक, मान्यता आणि निविदा या वाटेनेच काम पुढे सरकते. त्याला वेळ लागतो आणि तो लागायलाही हवा, कारण मूळ दोष न शोधता बांधलेली मोरी म्हणजे पुढच्या पुराची तयारीच. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी करताना प्रतिसाद व मदत यांसाठी 40 टक्के, तर पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी वेगळे 30 टक्के ठेवले होते.

महाडजवळ हा फरक अगदी स्पष्ट दिसला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि त्याबरोबर वाहनांतील माणसे गेली. वाहतूक पुन्हा सुरू झाली ती शेजारच्या दुसऱ्या पुलावरून, पण त्यामुळे कोसळलेल्या पुलाचा प्रश्न सुटला नव्हता. तिथला नवा पूल 165 दिवसांत बांधून जून 2017 मध्ये खुला झाला. हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची यंत्रणा त्यामागे होती. गावरस्त्याला अशी गती क्वचितच मिळते, ही खेदाची गोष्ट आहे.

या दोन कामांची गल्लत झाल्याने आणखी एक नुकसान होते, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भराव घातला की भगदाडाची खोली, उघडा पडलेला पाया आणि पाण्याने घेतलेली वाट ही सगळी खूण मुरुमाखाली गाडली जाते, आणि महिन्याभराने पुनर्बांधणीचे अंदाजपत्रक करायला आलेल्या अभियंत्याला समोर फक्त सारखा केलेला रस्ता दिसतो. म्हणून पंचनाम्याच्या वेळीच, जेसीबी येण्यापूर्वी, भगदाडाची लांबी-रुंदी-खोली मोजून, पाण्याची सर्वांत वरची पातळी शेजारच्या झाडावर किंवा भिंतीवर खुणावून आणि किलोमीटरच्या दगडापासूनचे अंतर लिहून छायाचित्रांसह नोंद ठेवावी, आणि ‘तात्पुरती दुरुस्ती’ व ‘कायमस्वरूपी काम’ या दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे लेखी द्याव्यात.