सार्वभौम संपत्ती निधी: गंगाजळीवर अडलेली चर्चा आणि २००९ चा विसरलेला निर्णय

भारताने स्वतःचा सार्वभौम संपत्ती निधी, म्हणजे देशाची बचत गुंतवून ठेवणारा सरकारी निधी, उभारावा, ही मागणी परकीय चलनाची गंगाजळी फुगली की वर येते आणि रुपया घसरला की विरते. १९९१ मध्ये सोने गहाण टाकणाऱ्या देशाकडे २००३ च्या अखेरीस १०० अब्ज डॉलर जमले, तेव्हा हा पैसा परदेशी सरकारी रोख्यांत तुटपुंज्या व्याजावर कशाला ठेवायचा, असा सवाल नियोजनकर्त्यांनी केला. पुढे परदेशातल्या तेल आणि कोळशाच्या साठ्यांत पैसा गुंतवण्याच्या कल्पना आल्या. मध्यवर्ती बँकेने प्रत्येक वेळी हात आखडता घेतला.

बँकेचे म्हणणे साधे होते. नॉर्वे किंवा आखाती देशांनी तेल विकून पैसा कमावला. आपली आयात निर्यातीहून मोठी, चालू खात्यात तूट. गंगाजळीत आलेला पैसा परकीय गुंतवणूकदारांचा, कर्जाचा, अनिवासी भारतीयांच्या ठेवींचा. तो कधीही परत मागितला जाऊ शकतो. २००८ च्या मध्यात ३०० अब्जांपलीकडे गेलेली गंगाजळी वर्षभराच्या आत २५० अब्जांच्या आसपास आली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला, तेव्हा हा आक्षेप खराही ठरला.

पण गंगाजळीला हात न लावता एक निधी आपण खरोखर उभा केला होता. त्याची आठवण या चर्चेत फारशी कोणी काढत नाही. २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय गुंतवणूक निधी स्थापला. सरकारी कंपन्यांच्या भागविक्रीचा पैसा त्यात कायमचा राहायचा, मुद्दल मोडायचे नाही, सार्वजनिक क्षेत्रातल्या तीन फंड व्यवस्थापकांनी तो सांभाळायचा. उत्पन्नाचे ७५ टक्के शिक्षण, आरोग्य, रोजगार अशा योजनांना आणि २५ टक्के सरकारी कंपन्यांच्या भांडवलाला. विजेच्या क्षेत्रातल्या दोन कंपन्यांच्या भागविक्रीतून १,८१४ कोटी रुपये जमले. सुरुवात लहान होती, पण नियम पक्का होता.

नोव्हेंबर २००९ मध्ये तो मोडला. जागतिक मंदी आणि दुष्काळाचे कारण देऊन एप्रिल २००९ ते मार्च २०१२ या काळातली भागविक्रीची सगळी रक्कम थेट निवडक सामाजिक योजनांवर खर्च करण्याची मुभा सरकारने घेतली. कारणे खोटी नव्हती. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि राजकोषीय तूट सहा टक्क्यांवर गेली होती. पण सूट मिळाली ती नेमकी मोठ्या विक्रीच्या वर्षांत. २०१० मध्ये एकट्या कोल इंडियाच्या दहा टक्के भागविक्रीतून सुमारे १५,००० कोटी रुपये आले, म्हणजे निधीच्या आठपट. त्यातले मुद्दलात काही राहिले नाही. सवलत आणखी एक वर्ष वाढली आणि २०१३ पासून हा निधी बँकांच्या भांडवलापासून रेल्वेपर्यंतच्या खर्चासाठी वापरायचे खाते झाला. योजना गरजेच्या होत्या, हे मान्य. तरी शेत विकून किराणा भरावा तसाच हा व्यवहार होता. एकदा विकलेला वाटा पुन्हा विकता येत नाही, याचा विचार तेव्हा व्हायला हवा होता.

२०१५ मध्ये जवळपास त्याच नावाचा, पायाभूत सुविधांसाठीचा दुसरा निधी आला. त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के. बाकी पैसा बाहेरून आणायचा. २०१७ मध्ये अबुधाबीच्या सार्वभौम निधीने त्यात एक अब्ज डॉलर गुंतवण्याचे ठरवले. हा निधी उपयोगी आहे, पण तो दुसऱ्यांची बचत आपल्याकडे आणतो. आपली बचत साठवत नाही.

पुढच्या पिढीसाठी मुद्दल राखण्याची कल्पना देशात पुन्हा आली ती गोव्याच्या खाणींमुळे. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला. केंद्रात मात्र सरकारी भागविक्रीचा पैसा अजूनही त्या-त्या वर्षाच्या अर्थसंकल्पातली जमा म्हणूनच धरला जातो.