वड्याचं तेल आणि कळीचा चुना

तापल्या तेलात बटाटेवडा सोडला की चर्र करून बुडबुडे उसळतात. ती वड्यातल्या पाण्याची वाफ. हेच पाणी तेलाचे रेणू तोडत असतं. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन लांबलचक मेदाम्लं चिकटलेली असतात. पाण्यामुळे त्यातली काही सुटी होतात. घाण्यामागून घाणे निघाले की तेल काळवंडतं, फेस धरतं. त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तळताना तेल मोडून तयार झालेले पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम आपल्याकडे १ जुलै २०१८पासून आहे.

या टाकाऊ तेलाचं बायोडिझेल होतं. तेलात मिथेनॉल घालून साठेक अंश सेल्सिअसवर ढवळायचं. मेदाम्लं ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलला जोडली जातात. ढवळणं थांबवलं की वर पातळ, पिवळसर बायोडिझेल आणि तळाशी जड ग्लिसरीन असे दोन थर दिसतात. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघतं.

हे सगळं वेगाने व्हायला उत्प्रेरक लागतो. कॉस्टिक सोडा स्वस्त आणि चपळ, पण वड्याच्या तेलातली सुटी आम्लं त्याला भेटली की साबण होतो. साबण दोन्ही थरांना धरून ठेवतो, मग बायोडिझेल पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. सोडा त्या पाण्याबरोबर वाहून जातो. पुढच्या खेपेला नवा घ्या.

म्हणून न विरघळणारा, गाळून परत वापरता येणारा उत्प्रेरक हवा. अंड्याची टरफलं ८०० ते ९०० अंशांवर भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे आपला कळीचा चुना. शिंपल्या भाजून चुना करायचे, तीच ही विद्या.

चुन्याचं दुखणंही आपल्या ओळखीचं आहे. तो उघड्यावर ठेवला की हवेतली ओल पिऊन विरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा खडूसारखा होत जातो. थोडं कॅल्शियम बायोडिझेलमध्येही उतरतं. आणि सुटी आम्लं जास्त असली तर याचाही साबण होतोच. तेव्हा फार खराब तेलावर आधी आम्लधर्मी घन उत्प्रेरक वापरतात. उसाची चिपाडं किंवा करवंटी जाळून केलेल्या कोळशावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की असा उत्प्रेरक मिळतो. तो सुट्या आम्लांचंच बायोडिझेल करतो, फक्त सावकाश. त्यात तयार झालेलं पाणी काढून टाकलं की मग चुन्याची पाळी.

अशा संशोधनाची बातमी आली की पहिल्या खेपेला किती टक्के तेलाचं बायोडिझेल झालं, तो आकडा ठळक छापलेला असतो. मी आधी पाचव्या खेपेचा शोधते. तोवर चुन्याच्या कणांवर ग्लिसरीन आणि चिकट तेलाचं पुट चढलेलं असतं. मिथेनॉलने ते धुऊन, वाळवून, चुना पुन्हा भाजला तर त्यात बराचसा जीव परत येतो. त्या भट्टीला लागणारं इंधन मात्र बायोडिझेलच्याच हिशेबात धरायला हवं.